‘सिल्व्हिया’ : एका लघुग्रहाचे नाव आणि नावाचे कारण

१

विशेषनामांचा अभ्यास करणाऱ्यापुढे एक अडचण नेहमीच उभी राहते. नाव हाती असते. परंतु ते ज्या प्रसंगी ठेवले गेले तो प्रसंग हाती नसतो. एखाद्या गावाला त्याचे नाव प्रथम कोणी दिले, केव्हा दिले व कोणत्या हेतूने दिले, याची समकालीन लेखी नोंद क्वचितच आढळते. त्यामुळे स्थलनामांच्या व्युत्पत्तीचा विचार बव्हंशी अनुमानावर चालतो. हे अनुमान कितपत विश्वसनीय आहे हे पारखावयाचे असेल, तर ज्याच्या बाबतीत नाव, नाव ठेवणारा, नामकरणाची वेळ आणि कारण या चारही गोष्टी लेखी स्वरूपात उपलब्ध आहेत, असा एखादा नामसमूह आपल्याला हवा. असा समूह पृथ्वीवर शोधणे कठीण. तो आकाशात आहे. मंगळ व गुरू यांच्या कक्षांच्या दरम्यान सूर्याभोवती फिरणाऱ्या लघुग्रहांची नावे हा तो समूह होय.

प्रस्तुत लेखात अशा एका लघुग्रहाचा विचार करावयाचा आहे. त्याचा क्रमांक ८७ असून नाव ‘सिल्व्हिया’ आहे. तो सापडला भारतातून, मद्रासच्या वेधशाळेतून. त्याच्या नावाचे कारण शोधकाने स्वतः छापून ठेवले होते; तरीही शतक पुरे होण्याच्या आतच त्या नावाला दुसरेच कारण चिकटले, आणि ते चिकटवणारे लोक अशिक्षित नव्हते. स्थलनामांच्या अभ्यासकाला यापासून पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

२

प्रथम संज्ञेविषयी थोडे सांगितले पाहिजे. १ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मो येथील प्याझ्झी या ज्योतिर्विदाला पहिला लघुग्रह सापडला. ‘सेरेस’ या रोमन धान्यदेवतेच्या नावापुढे आपल्या राजाचे नाव जोडून त्याने त्याला ‘सेरेस फर्डिनांडेआ’ म्हटले; परंतु इतर देशांतील ज्योतिर्विदांनी राजाचे नाव गाळून देवतेचे तेवढे ठेवले. पुढच्याच वर्षी विल्यम हर्शल याने अशा गोलांसाठी ‘अ‍ॅस्टरॉइड’ ही संज्ञा सुचवली. तिचा शब्दशः अर्थ ‘ताऱ्यासारखा’. दुर्बिणीतून हे गोल ताऱ्याप्रमाणे बिंदुरूप दिसत, एवढेच साम्य त्या संज्ञेत टिपलेले आहे. मराठीतील ‘लघुग्रह’ हा शब्द त्या मानाने अधिक यथार्थ आहे, कारण तो दिसण्यावरून नव्हे, तर स्वरूपावरून बनविलेला आहे.

लघुग्रहांची संख्या जसजशी वाढू लागली तसतशी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांना शोधाच्या क्रमाने आकडे देण्याची पद्धत रूढ झाली. तेव्हापासून प्रत्येक लघुग्रहाची ओळख दुहेरी आहे : क्रमांक आणि नाव. क्रमांकाने वस्तू निश्चित होते. नावाने तिच्याशी एखादी स्मृती जोडली जाते. क्रमांकाला कारण विचारावे लागत नाही, नावाला ते विचारावे लागते.

३

नॉर्मन रॉबर्ट पॉग्सन (१८२९–१८९१) हा इंग्लंडातील नॉटिंगहॅमचा. ताऱ्यांच्या तेजस्वितेच्या प्रतींमध्ये २.५१२ हे गुणोत्तर धरावे असे त्याने १८५६ मध्ये सुचवले, आणि ते आजही प्रमाण मानले जाते. १८६१ मध्ये तो मद्रासच्या सरकारी वेधशाळेचा प्रमुख झाला व मृत्यूपर्यंत तेथेच राहिला. तेथून त्याने पाच लघुग्रह शोधले : ६७ एशिया (१८६१), ८० सॅफो (१८६४), ८७ सिल्व्हिया (१८६६), १०७ कॅमिला (१८६८) आणि २४५ व्हेरा (१८८५).

यांपैकी पहिलेच नाव लक्षात घेण्याजोगे आहे. ‘एशिया’ ही ग्रीक पुराणकथांतील एक सागरकन्या. म्हणजे देवतांची नावे देण्याचा तत्कालीन संकेत पाळला गेला. परंतु आशिया खंडातून सापडलेला हा पहिलाच लघुग्रह, म्हणून खंडाचे नावही त्याच एका शब्दात आले. एका नावाला दोन कारणे असू शकतात, आणि दोन्ही खरी असू शकतात, याचे हे उत्तम उदाहरण होय.

सिल्व्हियाचा शोध १६ मे १८६६ रोजी लागला. सूर्यापासून तिचे सरासरी अंतर पृथ्वीच्या अंतराच्या सुमारे ३.४८ पट, म्हणजे ५२ कोटी किलोमीटरांच्या आसपास आहे. एका प्रदक्षिणेस तिला सुमारे साडेसहा वर्षे लागतात. लघुग्रहांच्या मुख्य पट्ट्यात ३.२७ पट अंतरावर एक विरळ जागा आहे. त्या अंतरावरील गोलाच्या दोन प्रदक्षिणा गुरूच्या एका प्रदक्षिणेइतक्या काळात होतात व गुरूच्या आकर्षणामुळे तेथील कक्षा स्थिर राहत नाहीत. सिल्व्हिया या फटीच्याही पलीकडे, पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला आहे. तिचा सरासरी व्यास सुमारे २७० किलोमीटर भरतो. घनता मात्र पाण्याच्या दीडपटीहून कमी. त्यावरून हा एकसंध खडक नसून पोकळ्या राहिलेला, तुकड्यांचा सैल राशिगोल असावा असे मानतात.

पॉग्सनने हे नाव का दिले? त्याचे उत्तर त्याने स्वतःच दिले आहे. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिक वृत्तात १८६६ साली शोधाची वार्ता प्रसिद्ध करताना त्याने सांगितले की, रोमच्या आख्यायिकेतील रोम्युलस व रेमस या जुळ्या भावांची माता रेआ सिल्विया हिच्यावरून हे नाव घेतले आहे. लांडगीच्या दुधावर वाढलेल्या व रोम नगर वसविणाऱ्या भावांची ती आई. वार्ता आणि कारण एकाच लेखात, एकाच लेखणीतून उतरलेली. याहून भक्कम पुरावा नामाभ्यासकाला आणखी कोणता हवा?

४

असे असूनही १९५५ साली काय घडले ते पाहावे. त्या वर्षी पॉल हर्गेट या ज्योतिर्विदाने लघुग्रहांच्या नावांची माहिती देणारा एक संग्रह प्रसिद्ध केला. त्यात आंतोनियो पालुझिए-बोरेल या अभ्यासकाच्या हवाल्याने असे नमूद झाले की, ‘सिल्व्हिया’ हे नाव फ्रेंच ज्योतिर्विद कामिय फ्लामारियाँ यांच्या प्रथम पत्नी सिल्व्ही यांच्या गौरवार्थ आहे.

हे विधान चूक आहे, हे पॉग्सनचा मूळ लेख पाहिल्यावर सिद्धच होते. पण तो लेख हाताशी नसता तरी कालगणनेने संशय यावयास हवा होता. फ्लामारियाँ यांचा सिल्व्ही यांच्याशी विवाह १८७४ मध्ये झाला. नामकरण त्यापूर्वी आठ वर्षांचे. १८६६ मध्ये फ्लामारियाँ स्वतः चोवीस वर्षांचे तरुण होते, आणि मद्रासमधील इंग्रज ज्योतिर्विदाने त्यांच्या भावी पत्नीच्या नावाने ग्रह संबोधण्यास काहीच निमित्त नव्हते.

मग ही समजूत उत्पन्न कशी झाली? तिच्या मुळाशी तीन गोष्टी दिसतात. पहिली, ध्वनिसाम्य : सिल्व्ही आणि सिल्व्हिया. दुसरी, परिचित व प्रतिष्ठित व्यक्ती : खगोलशास्त्राचे लोकप्रिय लेखक म्हणून फ्लामारियाँ यांचे नाव पुढे सर्वतोमुखी झाले, त्यामुळे अभ्यासकाच्या मनात ‘सिल्व्ही’ म्हणताच त्यांच्या पत्नीचे स्मरण होणे स्वाभाविक होते. तिसरी, मूळ कारणाचे विस्मरण : नाव तक्त्यातून तक्त्यात उतरत गेले, कारण मात्र एका जुन्या अंकात राहिले. या तीन गोष्टी एकत्र आल्या की नव्या व्युत्पत्तीचा जन्म होतो. आपण तिला लोकव्युत्पत्ती म्हणतो आणि ती सामान्य जनांच्या माथी मारतो. परंतु येथे ‘लोक’ म्हणजे विद्वान संग्राहक आहेत. लोकव्युत्पत्ती ही अज्ञानातून नव्हे, तर अर्थहीन नाव सहन न होण्याच्या मानवी प्रवृत्तीतून उपजते. ती प्रवृत्ती विद्वानांतही असते.

या प्रकरणाला पुढे एक समर्पक जोड मिळाली. २००१ मध्ये मायकेल ब्राउन व ज्याँ-ल्यूक मार्गो यांना सिल्व्हियाभोवती फिरणारा एक उपग्रह आढळला, आणि २००४ च्या वेधांतून फ्रँक मार्शी व त्यांच्या सहकाऱ्यांना दुसरा मिळाला. २००५ साली त्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. दोन उपग्रह असलेला हा पहिलाच ज्ञात लघुग्रह होय. उपग्रहांना नावे देण्यात आली ती ‘रोम्युलस’ आणि ‘रेमस’. मातेभोवती जुळी मुले फिरू लागली. नावाचे खरे कारण ध्यानात होते म्हणूनच ही पुढची नावे सुचली. १९५५ च्या संग्रहातील चूक प्रमाण मानली गेली असती, तर या दोन नावांना कसलाच आधार राहिला नसता. कारण टिकले की नाव पुन्हा फलद्रूप होते.

५

आता आकाशातून भूमीवर येऊ. कल्याणच्या पुढे कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही तीन शहरे आहेत. त्यांची नावे शेजारी शेजारी उभी असली तरी पुराव्याच्या दृष्टीने ती तीन निरनिराळ्या पायऱ्यांवरची आहेत, म्हणून तुलनेस फार सोयीची आहेत.

उल्हासनगर हे अगदी अलीकडचे नाव. दुसऱ्या महायुद्धात येथे लष्करी छावणी होती. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तेथे वसविण्यात आले व त्या वस्तीला ‘कल्याण कॅम्प’ म्हणत. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नगराची कोनशिला बसविण्यात आली व त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले. नाव जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून घेतलेले आहे. म्हणजे येथे नाव, दिवस व कारण ही सर्व ज्ञात आहेत. ‘सिल्व्हिया’ची अवस्था १८६६ मध्ये होती तशीच ही आहे. मौजेची गोष्ट अशी की, या नगरालाही क्रमांक आहेत. त्याचे विभाग एक ते पाच अशा ‘कॅम्प’च्या आकड्यांनी आजही ओळखले जातात. नव्या नावाखाली जुने नाव आकड्याच्या आश्रयाने जिवंत राहिले आहे.

परंतु ‘उल्हास’ या शब्दाचा सामान्य अर्थ ‘आनंद’ असा आहे. संस्कृत ‘उल्लास’चेच ते मराठी रूप. घरादारांना मुकलेल्या माणसांना नवे नगर मिळाले, म्हणून आनंदाचे नगर ते उल्हासनगर, अशी व्युत्पत्ती उद्या कोणी सांगू लागला तर ती ऐकणाऱ्याला गोड वाटेल व पटेलही. ध्वनिसाम्य आहे, हृद्य प्रसंग आहे; उणीव आहे ती फक्त मधल्या नदीच्या विस्मरणाची.

अंबरनाथाची पायरी दुसरी. येथील शिवमंदिर शिलाहारांच्या काळातील असून त्याच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, हे वर्ष आहे. ‘अंबर’ या संस्कृत शब्दाचे आकाश व वस्त्र असे दोन अर्थ आहेत. मंदिराचे गर्भगृह पायऱ्या उतरून खाली असून वर आकाशाला उघडे आहे. साहजिकच ‘आकाशाचा नाथ तो अंबरनाथ’ हा अर्थ पाहणाऱ्याच्या मनात लगेच जुळतो. अर्थ सुंदर जुळतो, हे खरे. पण अर्थ जुळणे हा व्युत्पत्तीचा पुरावा नव्हे. फ्लामारियाँ यांच्या पत्नीचे नावही असेच सुंदर जुळत होते. पुरावा म्हणजे नावाचे जुने लेखी रूप आणि त्याचा काळ. त्यात रोमन लिपीतील लेखनाने भर घातली आहे. इंग्रजीत हे नाव लिहिताना ‘ब’ नंतर कधी ‘ए’ तर कधी ‘ई’ हे अक्षर घालतात. ‘ई’ घातला की परक्या वाचकास पिवळ्या राळेचे इंग्रजी नाव आठवते. शिवाशीही नाही आणि आकाशाशीही नाही, असा तिसराच अर्थ केवळ एका अक्षराने उभा राहतो.

बदलापूरची पायरी तिसरी. येथे घोडे बदलण्याचा टप्पा होता म्हणून बदलापूर, असे सर्वत्र सांगतात. काही जण ही कथा शिवकालाशी जोडतात. ‘सिल्व्हिया’च्या प्रकरणात दिसलेली लक्षणे येथेही दिसतात : ध्वनिसाम्य आणि सर्वांना आदरणीय असा काळ. ‘बदल’ हा शब्द मूळ अरबी, मराठीत फारसीच्या द्वारे आलेला, ‘पूर’ संस्कृत. असा संकर अशक्य नाही, कारण अहमदपूर, सुलतानपूर अशी नावे आहेतच. परंतु त्या नावांतील पूर्वपद व्यक्तीचे किंवा पदवीचे आहे. क्रियेवरून बनलेले पूर्वपद ‘पूर’-अंती नावांत विरळा. म्हणून घोड्यांची कथा जशी ऐकली तशी, सांगणाऱ्याचा व ऐकल्याचा काळ नमूद करून, कथा म्हणून नोंदवावी. तिला व्युत्पत्तीच्या रकान्यात बसवू नये.

६

लघुग्रहांच्या नावांत मराठी अभ्यासकाने लक्ष घालावे याला आणखी एक कारण आहे, ते लिपीचे. ही नावे अधिकृतपणे रोमन लिपीत नोंदली जातात, व उच्चारभेद दाखविणारी चिन्हे भारतीय नावांच्या बाबतीत बहुधा गळून पडतात. १८८४ मध्ये व्हिएन्ना येथे योहान पालिसा याला सापडलेल्या २४४ व्या लघुग्रहाचे नाव सीता. १९३० मध्ये सापडलेल्या ११६६ व्या लघुग्रहाचे नाव कालिदासाच्या नायिकेवरून शकुंतला, आणि त्याच वर्षी सापडलेल्या ११७० व्याचे नाव शिव. तिन्हींच्या आरंभी रोमन ‘एस’ हे एकच अक्षर आहे. सीतेचा ‘स’ आणि शकुंतलेचा ‘श’ तेथे एकरूप झाले. ज्याला या नावांचे कारण ठाऊक आहे तोच त्यांना देवनागरीत त्यांचा मूळ वर्ण परत देऊ शकेल.

उलट उदाहरण ३००१२८ क्रमांकाच्या लघुग्रहाचे आहे. दीर्घकाळ मुंबईत राहिलेले गायक पंडित जसराज यांचे नाव त्याला २०१९ मध्ये देण्यात आले. ११ नोव्हेंबर २००६ रोजी दिसलेल्या या गोलाची तात्पुरती संज्ञा ‘२००६ व्हीपी ३२’ अशी होती. तीत ‘व्ही’ म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. उरलेल्या अक्षर-अंकांवरून तो त्या पंधरवड्यातील ८१५ वा शोध ठरतो. क्रमांक उलटा वाचला की २८ जानेवारी १९३० ही त्यांची जन्मतारीख निघते. नाव शक्यतो एकाच शब्दाचे असावे या संकेताप्रमाणे पदवी व नाव जोडून ‘पंडितजसराज’ असे लिहिले जाते. येथील ‘जस’ हा संस्कृत ‘यशस्’चा प्राकृत परिणाम, म्हणजे यातला ‘स’ खरोखरीच ‘स’ आहे, तो ‘श’ करावयाचा नाही. शकुंतलेत रोमन ‘एस’ म्हणजे ‘श’, जसराजात ‘स’. लिपी दोहोंत भेद करीत नाही. भेद करते ती नावाच्या कारणाची नोंद.

‘सिल्व्हिया’चे देवनागरी लेखनही कारणावरच ठरते. प्राचीन रोमन लोक आपल्या ‘व्ही’ या अक्षराचा उच्चार मराठी ‘व’च्या जवळचा करीत, म्हणून रोम्युलसच्या मातेचे नाव वर ‘सिल्विया’ असे लिहिले आहे. तिच्या नावात ‘अरण्य’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. पॉग्सनने मात्र ते नाव इंग्रजीच्या द्वारे ठेवले, आणि इंग्रजी ‘व्ही’साठी मराठीत ‘व्ह’ लिहिण्याचा प्रघात आहे. म्हणून लघुग्रह ‘सिल्व्हिया’.

७

आज लघुग्रहांचे नामकरण आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या समितीकडे आहे. कक्षा निश्चित होऊन क्रमांक मिळाल्यावर शोधकाला दहा वर्षांपर्यंत नाव सुचविण्याचा अधिकार असतो. नाव सोळा अक्षरांहून मोठे नसावे, कोणत्या तरी भाषेत उच्चारता यावे, आधीच्या नावाशी फार मिळतेजुळते नसावे; राजकीय वा लष्करी कार्यासाठी प्रसिद्ध असलेल्या व्यक्तीचे नाव तिच्या मृत्यूनंतर शंभर वर्षे द्यावयाचे नाही; नाव विकत मिळत नाही. परंतु या सर्व नियमांत आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाचा नियम असा की, प्रत्येक नावाबरोबर त्याचे कारण सांगणारा छोटा मजकूर प्रसिद्ध होतो. क्रमांक मिळालेले लघुग्रह कित्येक लाख आहेत; नाव मिळालेले २५,००० च्या आसपास. त्यांतील अलीकडच्या नावांना पॉग्सनच्या नावासारखी गत येण्याचे भय उरलेले नाही, कारण नाव आणि कारण यांची ताटातूट होऊ दिली जात नाही.

हीच शिस्त आपल्या स्थलनामांच्या नोंदींना लावणे शक्य आहे. विद्यार्थ्याने नाव टिपताना त्याचे देवनागरी व रोमन रूप, सर्वांत जुना लेखी उल्लेख व त्याचे वर्ष, आणि लोक सांगतात ती कथा, या तीन गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत लिहाव्यात. एका रकान्यातील मजकूर दुसऱ्यात सरकू देऊ नये. जुन्या गावांच्या बाबतीत मधला रकाना पुष्कळदा रिकामा राहील. परंतु उल्हासनगरसारख्या ठिकाणी तो आजही भरता येतो. तेथील वसाहती, चौक, बाजार यांची नावे ठेवली गेली ती अनेक जिवंत माणसांच्या स्मरणात आहे. निदान ज्यांनी ती ठेवली त्यांची मुले हयात आहेत. ‘सिल्व्हिया’चे नाव ठेवले गेले १८६६ मध्ये आणि चुकीचे कारण छापले गेले १९५५ मध्ये, एवढे विस्मरण घडण्यास ८९ वर्षे पुरली. उल्हासनगरच्या नामकरणाला आता ७५ हून अधिक वर्षे लोटली आहेत.